चौदा वर्षांखालील बेसबॉलचे स्थानिक नियम लेखी करा: सातारा जिल्ह्यातील बेसबॉल मंडळींना खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील बेसबॉल स्पर्धांचे संयोजक, पंच, प्रशिक्षक आणि क्रीडा शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

शालेय हंगाम सुरू होण्याआधी सहविचार सभा होते. यंदाच्या सभेत एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. चौदा वर्षांखालील गटासाठी आपल्या जिल्ह्याचे स्थानिक खेळनियम लेखी ठरवावेत, हा तो विषय. आजवर हे नियम तोंडी चालत आले आहेत. पंच बदलला की नियम बदलतो, मैदान बदललं की नियम बदलतो, आणि कधी कधी तर चौथ्या इनिंगला (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची तीन-तीन आउटपर्यंतची एकेक पाळी) वाद पेटल्यावर नवाच नियम निघतो. मोठ्यांच्या गटात हे एक वेळ निभावून नेता येईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ते चालू देता कामा नये, कारण तिथे याची किंमत मुलांचे खांदे आणि कोपरं मोजतात.

मी शारीरिक शिक्षण शिकवते. सॉफ्टबॉल खेळून मोठी झाले आणि आता बेसबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे उभं राहिलं की पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात समोरून दिसतो. पहिल्या इनिंगला कसा येतो आणि शेवटच्या इनिंगला कसा येतो, दोन्ही दिसतं. म्हणून सगळ्यात आधी आणि सगळ्यात आग्रहाने पिचरबद्दल लिहिते.

आपल्याकडे क्रिकेट न कळणारं घर नाही, तेव्हा तिथून सुरुवात करू. एकदिवसीय सामन्यात गोलंदाज कितीही मोठा असो, दहा षटकांच्या पुढे त्याच्या हातात चेंडू देता येत नाही. वाइड, नोबॉल सोडले तर साठ चेंडू. ट्वेन्टी-२० मध्ये चोवीस. कसोटीत मर्यादा नाही हे खरं, पण ती पाच दिवसांची असते आणि खेळणारे पूर्ण वाढलेले, मागे फिजिओ घेऊन फिरणारे खेळाडू असतात. आपल्या बेसबॉलच्या मैदानावर मात्र सातवीतला मुलगा सकाळी पहिला सामना टाकतो, दुपारी उपांत्य टाकतो आणि संघ जिंकत गेला तर संध्याकाळी अंतिमही टाकतो. नवख्या मुलांच्या सामन्यात वॉक (चार चेंडू बाहेर पडले की बॅटर न मारताच पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर जातो) खूप जातात, त्यामुळे एका सामन्यातच शंभराच्या आसपास चेंडू सहज होतात. दुसऱ्या सामन्यानंतर आकडा दोनशेच्या घरात जातो. तो कुणी मोजत नाही, कारण मोजा असं सांगणारा नियमच आपल्याकडे लिहिलेला नाही.

असाच एक दिवस मी पंच म्हणून पाहिला. मुलगा अंगाने बारीक होता, पण त्याच्या हातात विलक्षण नैसर्गिक लय होती. सकाळी त्याचा चेंडू कॅचरच्या (बॅटरच्या मागे चेंडू झेलणाऱ्याच्या) मिटमध्ये खणखणीत वाजत होता. तिसऱ्या सामन्यात त्याचं कोपर खांद्याच्या खाली उतरलं, चेंडू प्लेटच्या अलीकडे टप्पा खाऊ लागला, आणि प्रत्येक फेकीनंतर तो हात झटकत होता. बाहेरून आवाज येत होता, "अजून दोनच आउट, बाळा!" सामना संपल्यावर टेम्पोत चढताना त्याने दांडी डाव्या हाताने धरली. त्याच्या सरांना मी दोष देत नाही. त्यांनी जे केलं ते नियमात बसत होतं. पंच म्हणून मलाही त्याला थांबवण्याचा अधिकार नव्हता, आणि मला तो अधिकार हवा आहे.

वाढत्या वयात हाड ज्या जागेपासून वाढतं, तिथे मऊ कूर्चेची एक पट्टी असते. कोपराच्या आतल्या बाजूची ही पट्टी भरून हाडाशी एकजीव व्हायला मुलग्यांमध्ये साधारण सोळावं-सतरावं वर्ष उजाडतं. डोक्यावरून जोरात फेकताना सगळा ताण नेमका त्या बाजूला येतो. मोठ्या माणसाचा हाडं जोडणारा अस्थिबंध ताणला जातो, मुलाची ही पट्टीच उचकटू लागते. डॉक्टर लोकांत या दुखण्याला 'लिटल लीग एल्बो' असंच नाव पडलं आहे. खांद्यालाही असंच होतं. अमेरिकेत ४८१ लहान पिचरांवर दहा वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभराहून जास्त इनिंग पिचिंग करणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट निघाली. कसरतीने हात तयार होतो, हे आपल्या कुस्तीच्या मातीतलं शहाणपण खरंच आहे. पण तालमीतले वस्तादही लहान पोराकडून मोठ्या पैलवानाइतक्या बैठका पहिल्याच दिवशी काढून घेत नाहीत.

मुलांचं बेसबॉल जगाने जिथून उचललं, त्या लिटल लीग या अमेरिकेतल्या संस्थेने २००७ पासून इनिंग मोजणं सोडलं आणि चेंडू मोजायला सुरुवात केली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला ९५. त्याहून महत्त्वाची आहे ती विश्रांतीची अट. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने दिवसात २० पर्यंत चेंडू टाकले तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टाकू शकतो. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन दिवस, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या पुढे गेलं की चार दिवस.

हे आकडे जसेच्या तसे उचलावेत असं मी म्हणत नाही. ती मुलं महिनोन् महिने सराव करून हळूहळू हात वाढवतात. आपली मुलं परीक्षा, पाऊस आणि मैदान मिळण्याची वाट पाहणं यातून जेमतेम तीन-चार आठवडे सराव करून येतात आणि सगळी स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकते. म्हणून आपल्या गटासाठी दिवसाची मर्यादा साठ ठेवावी. सगळे सामने मिळून साठ, सामन्यागणिक साठ नव्हे. समोरच्या बॅटरची पाळी चालू असताना आकडा पूर्ण झाला तर तेवढा बॅटर पूर्ण करू द्यावा. विश्रांतीच्या दिवसांची अट मात्र वरचीच ठेवावी, तिच्यात सवलत नको.

आणखी एक पळवाट आधीच बुजवायला हवी. पिचर थकला की आपण त्याला कॅचर करतो, कारण संघातला दुसरा चांगला हात तोच असतो. कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, वर बेस चोरणाऱ्यावर, म्हणजे चेंडू मारला गेला नसतानाच पुढच्या बेसकडे पळणाऱ्यावर, पूर्ण ताकदीने थ्रो करावा लागतो. मग हाताला विश्रांती मिळाली कुठे? लिटल लीगमध्ये ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेला पिचर त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही, आणि चार किंवा अधिक इनिंग कॅचिंग केलेला मुलगा त्या दिवशी पिचिंग करू शकत नाही. ही अट आपणही घ्यावी.

मोजायचं कुणी, हा प्रश्न सभेत येईलच. दोन्ही संघांनी एकेक राखीव खेळाडू गुणलेखकाच्या टेबलापाशी बसवावा. प्रत्येक इनिंग संपली की दोघांचे आकडे जुळवावेत आणि गुणपत्रकावर लिहावेत. नामजपासाठी बोटात घालतात ते छोटं काउंटर या कामाला उत्तम चालतं. गोंदवल्याची वारी करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते अनेक घरांत असेल. आणि हे काम करणारा राखीव मुलगा सामना जितका बारकाईने पाहतो, तितका बाकावर बसून कधीच पाहणार नाही.

"आमच्याकडे पिचर एकच आहे," असं मला पुष्कळ शिक्षकांनी सांगितलं आहे. त्यांची अडचण मला कळते. ग्लोव्ह मोजके, सरावाचा वेळ तुटपुंजा, आणि ज्याचा चेंडू स्ट्राईकमध्ये पडतो असा मुलगा खरोखर एखादाच. पण पिचर एकच राहतो तो मर्यादा नसल्यामुळे. आज दुसरा पिचर घडवण्याची गरज कुणालाच पडत नाही. मर्यादा आली की जूनपासूनच तीन मुलांना पिचरच्या प्लेटवर उभं करावं लागेल. त्यातला एखादा असा निघेल, की ज्याच्याकडे आपलं आजवर लक्षच गेलं नव्हतं. वरच्या स्पर्धांतून मिळणारे दहावीचे सवलतीचे गुण, पुढे नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, यामुळे शाळेवर आणि पालकांवर जिंकण्याचा ताण असतो. तो ताण शिक्षकाने एकट्याने का सोसावा? नियम लिहिलेला असला की सर पालकांना सरळ सांगू शकतात, आज याचे चेंडू संपले.

जपानचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथे शाळांची कोशिएन स्पर्धा सगळा देश पाहतो. २०१८ च्या उन्हाळ्यात अकिता प्रांतातल्या एका शेतकी शाळेचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. गावाकडची मुलं, समोर मोठमोठ्या शहरी शाळा. त्यांचा पिचर योशिदा कोसेई याने त्या एका स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. देश त्याच्या प्रेमात पडला, आणि त्याच वेळी तिथल्या जाणत्या लोकांनी विचारायला सुरुवात केली, की आपण या पोराकडून काय करून घेतो आहोत? २०२० पासून तिथे शालेय पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. ती मुलं सोळा-सतरा-अठरा वर्षांची, आणि ज्या देशाला सोसणाऱ्या पिचरचा सर्वाधिक अभिमान, त्याच देशाने हे केलं.

आता मैदानाचं माप. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर, आणि पिचिंगचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. होमपासून सेकंड बेस जवळपास ३९ मीटर लांब पडतो. बारा वर्षांच्या कॅचरने तिथे सरळ थ्रो पोचवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. थ्रो पोचत नाही म्हणून फर्स्टवर आलेला प्रत्येक जण सेकंड चोरतो, मग थर्ड चोरतो. पिचरचा चेंडू पोचत नाही म्हणून बॅटर बॅट न उचलता चार बॉलवर चालत जातो. अशा सामन्यांत मी अख्खी इनिंग कुणीही चेंडू न मारता संपलेली पाहिली आहे. शॉर्टस्टॉपला उभा मुलगा गवत उपटत बसतो आणि घरी गेल्यावर आईला सांगतो, "मला उद्या नाही जायचं."

बाकीच्या खेळांत मुलांसाठी माप कमी करणं कुणाला कमीपणाचं वाटत नाही. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, अठरा वर्षांखालच्या मुलग्यांचा ५ किलोचा. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, लहान गटांचं त्याहून छोटं. तिरंदाजीत रिकर्व्ह धनुष्याचं मोठ्यांचं अंतर ७० मीटर, अठरा वर्षांखालच्यांचं ६०. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तो रिकर्व्हचाच तिरंदाज. वयानुसार पायऱ्या असलेल्या खेळातून आपल्याच जिल्ह्याचा खेळाडू तिथवर पोचला.

लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंत बेसचं अंतर ६० फूट आणि पिचिंगचं ४६ फूट असतं. सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवरच असतात आणि पुरुषांच्या सॉफ्टबॉलचं पिचिंग अंतर ४६ फूटच असतं. म्हणजे ज्या शाळेत सॉफ्टबॉलचं मैदान आखलेलं आहे, तिथे चौदा वर्षांखालच्या मुलांचं बेसबॉल मैदान फुकट तयार आहे. टेप लावायची तर बेस १८.२९ मीटर, पिचिंग १४.०२ मीटर, होम ते सेकंड २५.८६ मीटर. एवढ्या अंतरावर आठवीतला कॅचर धावणाऱ्याला आउट करू शकतो, आणि मग बेस चोरणाऱ्यालाही डोकं चालवावं लागतं. तेरा वर्षांच्या दांडग्या मुलांना हे लहान पडेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ७० फूट बेस आणि ५० फूट पिचिंग असं मधलं मापही आहे. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिटल लीगने ते वेगळ्या गटात ठेवलं आहे. तालुक्याला ६० आणि ४६, जिल्ह्याला ७० आणि ५०, अशी विभागणी मला योग्य वाटते. सभेला दुसरं काही पटलं तर तेही चालेल, फक्त एक ठरवा आणि लिहा.

वरच्या स्पर्धेत मैदान मोठं असेल तर आपली मुलं मागे पडतील, ही शंका रास्त आहे. पण वर जातात ती निवडलेली मोजकी मुलं, आणि त्यांच्या निवडीनंतर मोठ्या मापावर सराव घेता येतो. त्यांच्या सोयीसाठी बाकीच्या सगळ्यांना न झेपणाऱ्या मैदानावर उतरवायचं, आणि मग पुढच्या वर्षी संघ येत नाहीत म्हणून हळहळायचं, हे बरोबर नाही.

आपला जिल्हाही एकसारखा नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या मुलांना सप्टेंबर सरेपर्यंत कोरडं मैदान दिसत नाही. माण-खटावात मैदान कोरडं असतं, पण ते मुरमाड आणि दगडासारखं कडक. तिथे डोकं पुढे करून स्लाइड मारली की हनुवटी आणि तळहात सोलून निघतात. पुढच्या बेसकडे जाताना अशी स्लाइड या वयात बंदच करावी, लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंत ती बंदच आहे. फर्स्टला सॉफ्टबॉलचा दुहेरी बेस (शेजारी-शेजारी दोन, एक धावणाऱ्याचा आणि एक फर्स्ट बेसमनचा) लावावा, म्हणजे धावणारा आणि फर्स्ट बेसमन एकमेकांवर आदळत नाहीत. पाळीची वाट पाहणाऱ्या बॅटरने मैदानात उभं राहून बॅट फिरवणंही थांबवावं. आपल्या मैदानांच्या कडेला धाकटी भावंडं, चालायला आलेली वडीलधारी माणसं आणि शेजारी क्रिकेट खेळणारी पोरं असतात. बॅट हातात फक्त खेळणाऱ्याच्याच असावी. हेल्मेट दोन्ही कान झाकणारं हवं आणि कॅचरचा मास्क सरावाच्या चेंडूंनाही हवा, यावर दुमत होण्याचं कारण नाही.

मैदानागणिक बदलणारे जे नियम असतात, ते सामन्याआधी होम प्लेटपाशी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवावेत. मधल्या सिमेंटच्या क्रिकेट खेळपट्टीवर चेंडू उसळला तर खेळ चालू राहणार का? एक टप्पा घेऊन गॅलरीत गेला तर दोन बेस, हे बेसबॉलच्या मूळ नियमाला धरूनच आहे. खेळाडूचा थ्रो मैदानाबाहेर गेला तर दोन बेस, पिचरने आपल्या पिचिंग प्लेटवरून फेकलेला गेला तर एक, हेही पुस्तकातलंच. पण लेफ्ट फील्डातल्या कडुलिंबाला लागून खाली आलेला झेल आउट की नाही, हे पुस्तक सांगणार नाही. ते आपणच सांगायचं, आणि झेल उडण्याआधी सांगायचं.

परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो आणि आपले सामने नेमके त्याच दिवसांत येतात. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवावा आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास मैदानात उतरू नये. मुलांच्या हातात अॅल्युमिनियमच्या बॅट असतात. इथे "एवढी इनिंग होऊ द्या" याला जागा नाही.

ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त विरोध होईल, तो आता मांडते. आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळालं पाहिजे. म्हसवडकडचा संघ साताऱ्याला यायचा म्हणजे मुलं अंधारात उठतात, आई भाकरी बांधून देते, वडापने किंवा पहिल्या एसटीने पोरं येतात. त्यातली चार-पाच जण दिवसभर बॅटा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळून परत जातात. त्या मुलांच्या डोळ्यांत मला जे दिसतं, ते मी सहन करू शकत नाही. उपाय अवघड नाही. हजर असलेल्या सगळ्यांची नावं बॅटिंगच्या क्रमात घ्यावीत. अकरा असतील तर अकराही जण पाळीने बॅटिंग करतील. आणि प्रत्येकाने क्षेत्ररक्षणात किमान सलग सहा आउट होईपर्यंत, म्हणजे दोन इनिंग, मैदानात उभं राहावं. कमकुवत खेळाडूमुळे सामना जाईल, असं म्हणतात. जाईल एखादा. तो मुलगा पुढच्या वर्षी परत येईल, नाहीतर आपल्याला नऊ जण जमवायलाच नाकी नऊ येतात.

त्याच कारणाने तालुका पातळीवर एका इनिंगला पाच धावांची मर्यादा असावी. पाच झाल्या की बाजू बदलायची. चार इनिंगनंतर दहा धावांचा फरक असेल तर सामना थांबवावा. पण हरलेल्या संघाला घरी पाठवण्याआधी त्याच दिवशी दुसऱ्या हरलेल्या संघाबरोबर एक मैत्रीचा सामना द्यावा, चेंडूंची मर्यादा पाळून. बाद पद्धतीत पाऊण तासात परतीची वाट धरणाऱ्या संघाने वर्षभर कशासाठी सराव करायचा?

सभेपुढे माझ्या मागण्या अशा. चौदा वर्षांखालील गटाचे नियम एका पानावर मराठीत छापून प्रवेशअर्जासोबत प्रत्येक शाळेला द्यावेत. गुणपत्रकात पिचरच्या चेंडूंसाठी वेगळा रकाना काढावा. साठाव्या चेंडूनंतर पिचर बदलण्याचा अधिकार पंचाला स्पष्ट शब्दांत द्यावा, आणि त्या निर्णयावर हरकत घेता येणार नाही असंही त्यात लिहावं. स्पर्धा संपल्यावर ही गुणपत्रकं एकत्र ठेवली, तर एका हंगामात किती मुलांनी किती चेंडू टाकले हे आपल्याला पहिल्यांदाच कळेल, आणि पुढच्या वर्षी साठचा आकडा कमी-जास्त करायचा का, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

नियमांच्या पानाचा आणि रकाना असलेल्या गुणपत्रकाचा मसुदा मी तयार केला आहे. सभेत मला पंधरा मिनिटं द्यावीत. ज्या शाळांना मोजणी शिकायची असेल, त्यांच्या मैदानावर मी रविवारी स्वखर्चाने येईन.

आपली नम्र,
एक क्रीडा शिक्षिका आणि पंच
सातारा